शिवेबाहेरचा साहेब

पोळा झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग नीट वाळलाही नसेल, आणि आज सकाळपासून आमच्या नागपुरात लोक रस्त्यावर येऊन शिव्या देत सुटलेत. याला आम्ही सण म्हणतो. मारबत. बांबूच्या आणि कागदाच्या मोठाल्या बाया, त्यांच्या मागे बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, बडग्यांच्या गळ्यात पाट्या, आणि सगळ्या गर्दीच्या तोंडी एकच मागणं : जे नकोसं आहे ते घेऊन जा. खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, महागाई घेऊन जा, अमका पुढारी घेऊन जा. वर्षभर पोटात ठेवलेलं एका सकाळी ओकून टाकायचं आणि दुपारी घरी येऊन कालच्या पुरणपोळ्या खायच्या. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगता येत नाही. मला तर आता तशी इच्छाही उरलेली नाही.

मी गच्चीत बसलोय. कठड्यावर कोराडीच्या वीजकेंद्राकडून आलेली राख आहे, पावसानं चिकट झालेली. समोर फोन ठेवलाय. तो थोड्या वेळात वाजणार, हे मला माहीत आहे. वाजेपर्यंत लिहितो.

मला भाद्रपद आवडत नाही. लोकांनी या दिवसांवर काय काय लिहून ठेवलंय : ओलं ऊन, तेरड्याची फुलं, गौरीचे हात. असेल बुवा. मला या दिवसांचा एकच वास येतो, जमिनीवर सडणाऱ्या हिरव्या संत्र्याचा. आंबट, थोडा दारूसारखा, कपड्यांत बसणारा. जीपच्या पायपुसण्यात एकदा शिरला की थंडीपर्यंत जात नाही.

संत्र्याचा आंबिया बहार माघात फुलतो आणि दिवाळीच्या सुमारास तोडणीला येतो. मधल्या या दिवसांत फळ मुठीत मावेल एवढं असतं, हिरवं, कडक. पाऊस थांबला नाही की काळ्या जमिनीतलं पाणी उतरत नाही, मुळं गुदमरतात, देठ सैल होतो, आणि फळ एका अंगानं पिवळं पडून खाली येतं. वारा लागत नाही, हात लागत नाही. बागेत उभं राहिलं की मागे टप्. मग उजवीकडे टप्. पहिल्यांदा ऐकणारा वळून बघतो, कोणी खडा मारला की काय. आणि रस्त्यावरून, गाडीच्या काचेतून पाहिलं तर बाग हिरवीगार. फळगळ बघायची तर मान खाली घालावी लागते. आमच्या खात्यातल्या काही माणसांना ती सवय नसते.

मी जन्मानं कृषी अधिकारी नाही. आधी मी पत्रकार होतो. एका दैनिकाचं रविवारचं शेतीपान माझ्याकडे होतं. नागपूरलगतच्या वाडीला, ट्रकवाल्यांच्या गोदामावर, भाड्याच्या एका खोलीत राहायचो. रात्रंदिवस खाली ट्रक मागे घेताना ओरडणारे क्लीनर, डिझेलचा धूर, आणि वर मी, टेबलावर पाय टाकून खात्याला झोडपणारा. मजा होती. दर रविवारी खात्यातला कोणीतरी फोन करून रागवायचा आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. बियाणं उगवलं नाही, लिहा. औषधानं कीड मेली नाही, झाड मेलं, लिहा. लिहिलं की काम झालं, पुढे काय होतं ते बघायची जबाबदारी माझी नव्हती.

त्या दिवसांत कळमेश्वर ओलांडून पुढे एका गावात माझं फार जाणं-येणं होतं. गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगणार नाही, त्यात बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. तिथं नाल्याच्या काठी ताराबाईची संत्र्याची बाग. साठीकडे झुकलेली, उंच, आवाज असा की नाल्यापलीकडचा माणूस ओ देईल. नवरा राबायचा आणि गप्प राहायचा, घराचं बोलायचं काम तिच्याकडे होतं. मी गेलो की घरातली लोखंडी खुर्ची बागेत यायची, पदरानं पुसली जायची.

"बस गा पत्रकार. लिही," ती म्हणायची. "तो तुमचा कृषीवाला पांढरे कपडे घालून येते, बांधावर उभा राहते, चिखल पाहून वापस जाते. हे छाप. माझं नाव टाक, भेत नाही मी कोनाले."

मी तिच्या नावासकट छापायचो. शेतीपान खरं तर तीच चालवत होती, असं म्हटलं तरी चालेल.

मग एका रविवारी माझ्या लेखाच्या जागी खताची अख्ख्या पानाची जाहिरात आली. पुढच्या रविवारीही. संपादकांनी मला चहा पाजून सांगितलं की वाचकांना आता सकारात्मक काहीतरी हवं आहे. त्या चहाची चव माझ्या तोंडातून अजून गेलेली नाही. शेतकीची पदवी पडून होती, वय सरत आलं होतं. मी रागारागानं स्पर्धा परीक्षेला बसलो आणि पास झालो. लोक पोटासाठी सरकारी नोकरी धरतात. मी संतापानं धरली, आणि संताप हा अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नसल्यामुळे कोणाला कळलं नाही.

ताराबाईला सांगायला गेलो तर ती हसली. "जाय. आतून पाह्य काय चालते ते. पन आयकून घे, साहेब झाला का माह्या बागेत तुले खुर्ची भेटनार नाही."

मला ती थट्टा वाटली.

फिरत फिरत माझी नेमणूक तिच्याच तालुक्यात झाली. पहिल्या दिवशी कचेरीच्या फाटकात शिरलो आणि थबकलो. फाटकावर ताराबाई. अख्ख्या फाटकाएवढा फ्लेक्स, ओंजळीत पिकलेली संत्री, चेहऱ्यावर हसू, वर मोठ्या अक्षरांत 'यशोगाथा'. माझ्या आधीच्या माणसानं केलेलं काम. पुढे कळलं की फोटोच्या दिवशी तिची फळं हिरवीच होती, म्हणून ओंजळीतली संत्री बाजारातून आणली होती. हसू मात्र तिचंच होतं. एवढ्या लोकांनी दुकानातली संत्री घेऊन तिच्याच बागेत यावं याचं तिला हसू आलं होतं.

यशोगाथा हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसेल. दरवर्षी वरून मागणी येते, इतक्या यशोगाथा पाठवा. मग आम्ही यश शोधायला निघतो. शेतकरी ठरतो, टोपी किंवा डोक्यावरचा पदर सारखा केला जातो, फळ हातात दिलं जातं, आणि मजकूर असा लिहायचा की पूर्वी अंधार होता, मग खातं आलं. मी रुजू होताच आमच्या मोठ्या साहेबांनी टाळी वाजवली. "तुम्ही पत्रकार ना? छान! मग यशोगाथा आता तुमच्याकडे."

मोठे साहेब विदर्भाबाहेरचे. रागवत नसत. कशालाही 'छान' म्हणत. कीड पडली असं सांगितलं तरी आधी 'छान' आणि मग 'कुठली?' मला रागावणारी माणसं चालतात, त्यांच्याशी भांडता येतं. या माणसाच्या त्या मऊ 'छान'चा मला इतका तिटकारा आला होता की जेवताना बायको एकदा भाजीला छान म्हणाली तर मी ताटावरून उठलो. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र शिकलो. यशोगाथा कोणी वाचत नाही. साहेबही नाही, त्यांच्या वरचेही नाहीत. फोटो बघतात, शीर्षक बघतात, सही करतात. मजकूर म्हणजे फोटोखालची भरती.

ज्या पावसाळ्याबद्दल सांगतोय तो याच कचेरीतला, सहा-सात वर्षांपूर्वीचा. श्रावणात ऊन म्हणून दिसलं नाही. फायली मऊ पडल्या, भिंतींना बुरशी धरली, आणि गावागावांतून फळगळीचे फोन यायला लागले. नुकसानीची पाहणी करायचं ठरलं. पाहणीत ज्याची बाग नोंदली जाईल त्यालाच पुढे काही मिळणार, बाकीच्यांचं गळलेलं फळ म्हणजे गळलंच नाही. ताराबाईच्या गावातल्या शेतकऱ्यांची नावं मी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी तिच्या नावावर बोट ठेवलं.

"या तर आपल्या आदर्श शेतकरी आहेत."

"हो. त्यांचीही बाग गळली आहे."

"आदर्श शेतकऱ्याची बाग गळली असं आपणच लिहिणार? बाहेर फाटकावर त्यांचा फोटो आहे हो." ते अगदी प्रेमानं हसले. "त्यांना वगळू या. त्यांना समजेल, समजूतदार आहेत."

मी भांडलो. माती कशी आहे, पाणी कसं थांबलंय, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान. तुमच्यातला पत्रकार अजून जिवंत आहे." त्यांचा गळा धरावा असं मला वाटलं, हे लपवत नाही.

समजूतदार ताराबाई दुसऱ्याच दिवशी आली. भिजलेली, पायांना पोटरीपर्यंत चिखल. ती आत आली नाही. फाटकात, स्वतःच्या फोटोखाली उभी राहिली आणि मला बाहेर बोलावलं.

"साहेब," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "हे बाई कोन होय?"

"ताराबाई, मी साहेबांशी..."

"नाही, मले सांगा ना तुम्ही. हे हासून राहिली, तिच्या हातात संत्रे हायेत. माह्या बागेत खाली पाय ठेवाले जागा नाही, सारा माल सडून राहिला. मंग हे कोन? हिच्यापायी माही बाग पाहाले येत नाही म्हन्ते तुमचे साहेब. काहून? हसली म्हनून?"

'तुम्ही' म्हणत होती ती मला. माझी बाजू सांगायला मी तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. "राहू द्या. पयले खुर्चीवर बसून लिहत होते, आता खुर्चीसाठी लिहता." आणि त्या पावसात बसस्टँडकडे निघून गेली. तिचं हे बोलणं अन्यायाचं होतं. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं. पण तिला न्याय कोणी दिला होता, म्हणून तिनं मला द्यावा?

पाहणीचा दिवस साहेबांनी स्वतः ठरवला. पोळ्याचा दुसरा दिवस.

"साहेब, त्या दिवशी मारबत असते," मी म्हणालो.

"सुट्टीच आहे ना? छान! शेतकरी घरी सापडतील."

विदर्भात वाढलेला शाळकरी पोरगाही हा दिवस निवडणार नाही. मारबतीच्या सकाळी गावात पाहुणा जात नाही, व्यापारी जात नाही, सावकारसुद्धा जात नसे. मनात म्हटलं, जाऊ या. बघू द्या एकदा.

सकाळी जीप गावाच्या शिवेवर पोचली आणि समोरून सगळं गाव आलं. पुढे डफडं, मग पळसाच्या डहाळ्या घेतलेली पोरं, मध्ये फाटक्या लुगड्याची आणि गवताची मारबत, आणि मागे बाया. सगळ्यांत पुढची बाई ताराबाई. हात वर, तोंड उघडं, कपाळावरच्या शिरा फुगलेल्या. आमच्या जीपच्या काचा बंद होत्या, आत थंड हवा चालू होती. साहेबांना डफड्याचा धडधडाट तेवढा ऐकू येत असावा. मी मागे बसलो होतो, मी माझी काच खाली केली.

"फळगळ घेऊन जाय वं मारबत! बुरशी घेऊन जाय वं मारबत! यशोगाथा घेऊन जाय वं मारबत!"

बाया तिच्यामागून ओरडत होत्या. मग तिनं मला पाहिलं. थेट माझ्याकडे बोट करून, माझं हुद्द्यासकट नाव घेतलं, आणि घेऊन जाय वं मारबत. पोरांना तर चेवच आला.

"किती उत्साह आहे," साहेब म्हणाले. "काय म्हणतायत त्या?"

"ईडा पीडा गावाबाहेर जावो म्हणतायत."

"वा. छान भावना आहे." डफड्याच्या कल्लोळात त्यांनी खाली उतरून फोनवर तिचा फोटो काढला, दोन्ही हात जोडले, जीपच्या पायरीवर उभं राहून बागांकडे नजर फिरवली. "हिरवीगार आहेत की सगळ्या. इथूनच दिसतंय. पाहणी झाली."

मी जीपमधून उतरलो. म्हटलं, तुम्ही चला, मी बागा बघून येतो. त्यांनी खांदे उडवले आणि जीप वळली.

मी शीव ओलांडायला गेलो तर ताराबाई आडवी आली. "आज आत येऊ नोको." ती पुन्हा 'तू'वर आली होती. "आत्ता तुह्यं नाव घेऊन बाहेर काढलं तुले. ज्याले काढलं त्याले त्या दिवशी गाव आत घेत नाही. तुले काय मी सांगू? इथलाच होय ना तू?"

इथलाच होतो, म्हणून वाद घालता येईना. शिवेच्या दगडाला टेकून उभा राहिलो, डोक्यावर पाऊस. माघारी जाणार नाही, एवढंच म्हणालो. तिनं पदर खोचला. मग वळून बायांना म्हणाली, "याले आत जाता येत नाही. तं बाग बाहेर आना वं."

आणि बाग बाहेर आली. घमेल्यांत, टोपल्यांत, जुन्या साड्यांच्या गाठोड्यांत. हिरवी, अर्धी पिवळी, काळी पडलेली, माशांनी झाकलेली संत्री माझ्या पायांशी रिकामी होऊ लागली. कोणाच्या बागेतली ते प्रत्येक बाई ओतताना सांगत होती, दात खाऊन सांगत होती. ढीग गुडघ्याला लागला, रस्त्यावर घरंगळला. सगळ्यांत शेवटी ताराबाईचा नवरा आला, तो न बोलणारा. त्यानं डोक्यावरची टोपली माझ्यापुढे उलटी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "लिहा," म्हणाला.

मी लिहिलं. सगळ्यांच्या आधी ताराबाईची बाग लिहिली. साहेबांनी अख्खा कागदच बाजूला ठेवला, पाहणी झाली आहे म्हणाले. मग मोबाइल पुढे केला. "हा फोटो बघा. काय चेहरा आहे! फाटकावरचा फ्लेक्स जुना झालाय, हा लावू. महिला शेतकऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. खालचा मजकूर तुम्ही टाका."

मी मजकूर टाकला. साधा, चार ओळींचा. फोटोतली बाई कोण, ती मारबतीच्या दिवशी काय ओरडते आहे ते शब्दाला शब्द, तिची बाग फळगळीनं रिकामी झाली आहे आणि तिची पाहणी झालेली नाही. पत्रकार असताना मी यापेक्षा चांगलं काही लिहिलं नव्हतं. साहेबांनी फोटो पाहिला, शीर्षक पाहिलं, छान म्हणाले आणि सही केली. छापणाऱ्यानं छापलं. शिपायानं जुनी हसरी ताराबाई उतरवून ही ओरडणारी चढवली.

मला शूर समजू नका. ते कोणी वाचणार नाही, अशी माझी जवळजवळ खात्री होती. पोटातली मळमळ तेवढी बाहेर काढली होती.

पण फवारणीच्या पंपाची चौकशी करायला आलेल्या एका शेतकऱ्यानं तो फ्लेक्स वाचला. ज्याच्यासाठी यशोगाथा असते असं आम्ही म्हणतो, त्यानंच पहिल्यांदा वाचली. त्यानं मोठ्यानं वाचली, लोक जमले, फोन निघाले. दुपारपर्यंत ती अख्ख्या जिल्ह्यात पसरली. मग वरून गाड्या आल्या, दुसऱ्या तालुक्यातली माणसं आली, बांध ओलांडून चिखलात उतरली आणि माना खाली घालून चालली. गावातली प्रत्येक बाग नोंदली गेली. ताराबाईचीसुद्धा.

मोठ्या साहेबांना पुढे बढती मिळाली. मला नागपुरात अशा खोलीत बसवलं जिथे मातीचे नमुने येतात आणि लिहायला काही नसतं. ताराबाईची अर्धी झाडं मुळातूनच सडली होती, ती उपटावी लागली. नोंद झाली म्हणून झाड जगत नाही. तिथं तिनं पुढच्याच वर्षी उंच वरंबे ओढून नवी कलमं लावली, असं ऐकतो. मला कोणाचाच राग गेलेला नाही. साहेबांचा नाही, त्या चहावाल्या संपादकांचा नाही, तिच्या त्या खुर्चीच्या वाक्याचाही नाही. राग जायलाच हवा असं कोणी सांगितलंय? खाली रस्त्यावरून डफड्यांचा आवाज मोठा होत चाललाय.

फोन वाजला.

"आयक," ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. फोन तिनं वर धरला असावा. पावसाचा आवाज, पोरांचा गोंधळ, आणि तिचा तो नाल्यापलीकडे जाणारा गळा. आधी बुरशीचं नाव घेतलं. मग फळातला रस शोषणाऱ्या पतंगाचं. मग माझं, हुद्द्यासकट, दरवर्षीसारखं. मी कठड्याला धरून शेवटपर्यंत ऐकलं.

"आयकलं का?" ती धापा टाकत म्हणाली.

"ऐकलं."

"नवीन कलमाइले पयला बहार धरला यंदा. थोडासा गळला, बाकी हाय झाडावर. पाहाले येशीन का?"

"निघू का आत्ता?"

"आत्ता काहून? तुले आत्ताच बाहेर काढलं ना गा मी." मागे कोणीतरी डफडं वाजवतच होतं. "उद्या ये. खुर्ची नाही भेटनार."